टबीथा, म्हणजे दुर्कस

माझं नाव पहिल्या फटक्यात नीट उच्चारणारी माणसं मला आयुष्यात फार थोडी भेटली. शाळेच्या हजेरीत मी ‘तबिता’ होते, पाटोद्याच्या बाजारात भाजीवाल्यांची ‘ताबाबाई’ आणि घरात टबू. पूर्ण ‘टबीथा’ फक्त अण्णा म्हणायचे, तेही रागावले की किंवा प्रार्थनेत. अण्णा म्हणजे माझे वडील, आमच्या गावच्या छोट्या चर्चचे पाळक. गावात ख्रिस्ती घरं सात. बाकी गाव शेतकऱ्यांचं, दिवाळी झाली की निम्मं ऊसतोडीला जाणारं. चर्चला आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणत. देवळामागे आमच्या दोन खोल्या, पुढे लिंबाचं झाड, एका अंगाला दगडी विहीर आणि विहिरीपलीकडे गुडघाभर उंच गडग्याच्या आत आमची दफनभूमी. तिथे अगदी कडेला हातभर लांबीचं एक थडगं होतं. त्यावर अण्णांनी स्वतः छिन्नीनं कोरलेलं एकच नाव होतं: दुर्कस. ती माझी जुळी बहीण.

आम्हा दोघींची नावं एकाच बाईची. बायबलातल्या प्रेषितांच्या पुस्तकात यापो गावच्या एका बाईची गोष्ट आहे. ती गोरगरीब विधवांना कपडे शिवून द्यायची. एक दिवस आजारी पडून ती मेली. तिला आंघोळ घालून माडीवर ठेवलं, आणि येशूचा शिष्य पेत्र आला तेव्हा त्या विधवा रडत रडत तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. पेत्रानं सगळ्यांना बाहेर काढलं, प्रार्थना केली आणि तिला उठवलं. त्या बाईचं नाव टबीथा, म्हणजे दुर्कस, असं पुस्तकातच लिहिलंय. जुळ्या मुली झाल्यावर अण्णांनी ती दोन्ही नावं आम्हाला एकेक वाटून दिली. आम्ही जगतो की नाही याची खात्री नव्हती, म्हणून बाप्तिस्माही त्यांनी चौथ्याच दिवशी उरकला, पितळी वाटीत जेमतेम तळाला पाणी घेऊन. त्या वर्षी पाणी तेवढंच मिळत होतं. तो मोठा दुष्काळ. लोक खडी फोडायला जात, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खात आणि रांगेत उभं राहून सरकारी सुकडी घेत.

ईस्टरच्या आदल्या दिवशी अण्णा दफनभूमीतली सगळी थडगी पांढरी करत. हातभर लांबीचं ते सगळ्यात शेवटी. त्यावर ब्रश फिरवताना ते इतके सावकाश होत की मला वाटे, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात फिरवावा तसा ते तो फिरवताहेत. आई मात्र त्या दिवशी हमखास डोकं दुखतंय म्हणून अंथरुणाला खिळायची. वर्षातल्या कुठल्याच दिवशी ती गडग्याच्या आत गेलेली मला आठवत नाही. विहिरीवरून पाणी आणतानाही तिची मान दुसरीकडे असायची. दुःख फार असलं की माणूस तिकडे बघत नाही, असं मी धरून चालले होते.

मी नववीत गेले त्या वर्षी पुन्हा पाऊस दगा देऊन गेला. सलग दुसऱ्यांदा. तळ्याचा तळ फुटलेल्या परातीसारखा दिसू लागला. आमच्या माळावरची चिंकारा हरणं दिवसाढवळ्या गावाच्या कडेला येऊन उभी राहायला लागली. विहिरीत पाणी होतं, पण घरटी दोन हंडे, त्याहून जास्त नाही, असं ठरलं होतं. घरात हुलग्याचं माडगं आणि येसराची आमटी यांची पाळी चाले. येसर आईनं आदल्या वर्षीच करून ठेवलेलं, त्यामुळे निदान घरात भाजलेल्या धान्याचा वास असायचा. आजही कुणाच्या घरातून तो वास आला की माझा घसा कोरडा पडतो.

त्याच वर्षी आईनं गावातल्या बायकांची शिवणकामाची सहकारी सोसायटी काढली. दुष्काळी छावणीतल्या आणि आश्रमशाळांतल्या मुलांचे कपडे शिवायचं काम मिळत होतं, आणि त्या आधारावर काही बायकांना ऊसतोडीला न जाता गावात राहता येणार होतं. देवळाच्या मागच्या लांब खोलीत अकरा मशिनी बसल्या. सगळ्या एकदम चालू लागल्या की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. नोंदणीच्या वेळी नाव काय द्यायचं हा प्रश्न आला. अण्णा म्हणाले, “दुर्कस. कपडे शिवणाऱ्या बाईचं नाव. याहून योग्य कुठलं?”

आई म्हणाली, “दुसरं कुठलंही द्या.”

“का?”

“नको म्हणते ना.”

अण्णांचे डोळे भरून आले. “तिच्या नावानं जगात एवढं तरी काही असू दे,” ते म्हणाले. त्यावर आई काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं म्हणजे होकार समजून कागद पुढे गेले. पेंटरनं पाटीवर ‘दुर्कश’ लिहिलं. ते दुरुस्त करताना श चा स झाला खरा, पण खालचा श कायम दिसत राहिला. बायका तिला ‘दुरकस सोसायटी’ म्हणायच्या.

उन्हाळा सुरू होताना योहान गुरुजी आमच्याकडे राहायला आले. ते पूर्वी पाळक तयार करणाऱ्या पाठशाळेत इब्री आणि ग्रीक शिकवत. अण्णा त्यांचे विद्यार्थी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे त्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी जेवणं झाली की ते ओसरीवर बाजेवर बसायचे आणि मी खाली पोत्यावर. एक दिवस मी विचारलं, “गुरुजी, माझ्या नावाचा अर्थ हरीण ना?”

“कुणाच्या भाषेत?” ते म्हणाले. त्यांची हीच पद्धत. मग स्वतःच सांगू लागले. “ती बाई ज्या गावात राहायची तिथं घरात एक भाषा आणि बंदरावर दुसरी. निजामाच्या काळात आपल्याकडं नाही का, कचेरीत उर्दू आणि चुलीपाशी मराठी? तशीच ती चुलीपाशी टबीथा. हा अरामी शब्द. इब्रीत त्याचीच थोरली बहीण आहे, त्स्वी. त्स्वी म्हणजे हरीण, आणि त्स्वी म्हणजे शोभाही. देखणेपण. ग्रीकांनी त्याच जनावराला नाव दिलं ते मात्र वेगळ्या कारणानं. दोर्कास. जुने पंडित तो शब्द बघण्याच्या क्रियापदाशी जोडतात. टक लावून बघणं, डोळा चमकणं. हरीण पळायच्या आधी मान वळवून कसं बघतं, पाहिलंयस?”

“पाहिलंय.”

“तर जनावर एकच. टबीथा म्हणजे देखणी आणि दुर्कस म्हणजे बघणारी.” मग ते थोडे पुढे झुकले. “आता तो अध्याय काढ. पेत्रानं तिला उठवलं तेव्हा हाक कुठल्या नावानं मारली?”

मी शोधून वाचलं, “टबीथा, ऊठ.”

“बघ,” गुरुजी म्हणाले. “पुस्तक लिहिणारा तिला दुर्कस म्हणतो, पण मेलेल्या बाईला हाक मारली ती घरातल्या नावानं. दुर्कस म्हणून तिला उठवायला कुणी हाक मारलीच नाही.”

आतल्या मशिनींमधली एक थांबली. ती आईची होती हे मला आवाजावरून कळलं, कारण तिचं चाक थांबताना एकदा कुरकुरायचं. तेवढ्यापुरतं मला काही वाटलं नाही. नंतर मात्र विहिरीवर गेले आणि माझी मान आपोआप त्या छोट्या थडग्याकडे वळली. बघणारी. चौदा वर्षं तिथं पडून ती काय बघत असेल? मी अर्धा हंडा सांडला, आणि त्या दिवसांत अर्धा हंडा म्हणजे काय हे आता कुणाला सांगून पटत नाही.

यानंतर आठवड्याच्या आत ते सुरू झालं. सोसायटीतल्या जनाबाई, आईहून थोड्या मोठ्या, तोंडाच्या फटकळ पण जीव लावणाऱ्या. कामाला आल्या आणि दारातच थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. “आगं, तू तर आत्ता तळ्याकडं व्हतीस. म्या हाक मारली तर बगितलंस आन तशीच गेलीस की.”

“मी सकाळपासून घरात आहे, जनामावशी.”

“मंग मला याड लागलं का? तुजंच त्वांड. डोईवर घोंगडं व्हतं तुज्या. एवढ्या उन्हात घोंगडं कावून, म्हनून तर म्या थांबले.”

बायका हसल्या. आई हसली नाही. दोन दिवसांनी गिरणीवाला म्हणाला, “काल माळावर एकलीच काय करीत व्हतीस गं, पाळकाची पोर?” मग शाळेत एक मुलगी म्हणाली की मी तिला खडकावर बसलेली दिसले आणि तिनं नावानं हाक मारली तर मी असं काही बघितलं की ती पळतच घरी गेली. “तू डोळे मिटत नव्हतीस,” ती म्हणाली. ही मुलगी बढाया मारणारी होती, पण ते सांगताना तिनं माझा हात सोडला, तो पुन्हा धरला नाही.

आमच्याकडे भर दुपार ही वाईट वेळ मानतात. अण्णा अशा गोष्टी मानू देत नसत, पण दुष्काळातली दुपार कशी असते हे त्यांनाही ठाऊक होतं. पाखरू नाही, पान हलत नाही, लांबचा डोंगर उन्हानं पातळ झालेला आणि सगळ्या गावाची दारं लोटलेली. मी आरशात बघणं बंद केलं. वेणी आईकडून घालून घेऊ लागले. वेणी घालताना आईची बोटं मध्येच थांबायची, ते मला मानेला जाणवायचं, आणि ती माझ्यामुळे घाबरली आहे की मी तिच्यामुळे, हे मला ठरवता येत नव्हतं.

तो दिवस शुक्रवार होता. अण्णा पाटोद्याला गेले होते. जेवणानंतर मशिनी थांबल्या होत्या, बायका भिंतीला टेकून डुलक्या घेत होत्या. देवळात गुरुजींचा चष्मा राहिला होता, तो आणायला मी गेले. देवळाची मागची खिडकी दफनभूमीकडे उघडते. चष्मा उचलताना मला बाहेर काहीतरी काळं हललेलं दिसलं.

छोट्या थडग्याजवळ कुणीतरी उकिडवं बसलं होतं. अंगाभोवती घोंगडं, डोक्यावरूनही घेतलेलं. समोर एक लहानसा तांब्या. दोन्ही हातांनी तो तांब्या उचलून त्या दगडावर काहीतरी पांढरं ओतणं चाललं होतं, अगदी बारीक धारेनं. ते दूध होतं हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त हात दिसले. उजव्या अंगठ्याजवळ हाड थोडं पुढे आलेलं. माझ्या हाताला तसं आहे. मग घोंगडं सरकलं आणि चेहऱ्याची एक बाजू दिसली. स्वतःला बाजूनं बघायची माणसाला सवय नसते, तरी मी ओळखलं.

आज विचार करते की मी ओरडले का नाही, पळाले का नाही. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, आणि तोही मोठ्यानं नाही.

“दुर्कस.”

तिनं मान वळवली आणि बघितलं. खिडकीच्या गजाआड मी, बाहेर उन्हात ती. तिचे डोळे विस्फारले, तोंड उघडं राहिलं. मग तांब्या तिथेच टाकून तिनं गडग्यावरून उडी मारली आणि दिसेनाशी झाली.

गुरुजींचं वाक्य माझ्या कानात वाजत होतं. त्या नावानं कुणी हाक मारली नव्हती, आणि आता मी मारली होती. मी तिला उठवलं, असं मला अगदी खरं वाटलं. कशीबशी मी मागच्या खोलीत आले आणि आईच्या पदराला धरलं. “आई, ती बाहेर आली. दुर्कस. मी हाक मारली म्हणून आली.”

कुठलीही आई म्हणाली असती, भास झाला, ऊन लागलं, पाणी पी. माझी आई उभी राहिली, तिच्या मांडीवरचं कापड खाली पडलं, आणि तिनं विचारलं, “कुठल्या बाजूला गेली?”

एवढा धसका मला खिडकीपाशीही बसला नव्हता. “तळ्याकडं,” मी म्हणाले. आई तशीच निघाली. अनवाणी. मी हाका मारत मागे. तापलेल्या मुरुमावर तिचे पाय भाजत असणार, पण ती एकदाही थांबली नाही, आणि वळून बघत नव्हती म्हणून मला तिचा चेहराही दिसत नव्हता. मला वाटत होतं, ही तिच्या मागे जातेय आणि दोघीही परत येणार नाहीत.

तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, बाभळींच्या विरळ सावलीत, मेंढरांचा तळ होता. तीसेक मेंढरं, एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी. एक तट्टू, दोन कुत्री, तीन दगडांची चूल. धनगराची एक उंच बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती, जणू आम्ही येणार हे तिला ठाऊकच होतं. तिच्या पाठीआड ती मुलगी. धापा टाकत होती. भुतं धापा टाकत नाहीत, एवढं मला तेव्हाही समजलं.

“पोरीला म्या बजावलं व्हतं, कुनाच्या नजरंस पडू नको,” ती बाई आईला म्हणाली. “दोन वक्ताला दूध घालून आली, कुनी बगितलं न्हाई. आज घोळ झाला.”

“म्हाळसा,” आई म्हणाली. आणि मग खाली बसली, जिथे उभी होती तिथेच.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, कारण दोघीही एकमेकींचं वाक्य मध्येच घेऊन बोलत होत्या. मोठ्या दुष्काळात अण्णा दिंद्रुडला, दुष्काळी कामावरच्या मुलांच्या अन्नछत्रावर गेले होते. आम्ही वीस दिवसांच्या. आईला ताप, अंगावर दूध जेमतेम. मला कसंबसं पुरत होतं, दुसरी नुसती ओठ हलवायची. त्याच दिवसांत म्हाळसाबाईचं बिऱ्हाड आमच्या विहिरीपाशी उतरलं होतं, आणि तिचा अकरा दिवसांचा मुलगा आदल्या रात्री गेला होता. तिच्या अंगावर दूध होतं, आणि पाजायला मूल नव्हतं. दोघींनी मिळून त्या मुलाला गडग्याच्या आत पुरलं. मग आईनं दुसरीला तिच्या पदरात दिलं. फक्त पाऊस पडेपर्यंत. पण चारा संपला, माणसं पुढे निघाली, आणि पुढे निघालेलं बिऱ्हाड पुन्हा कधी त्या वाटेला आलंच नाही. अण्णा आले तेव्हा मातीचा ताजा ढीग होता. त्यांनी विचारलं, “दुर्कस?” आणि आईनं मान खाली घातली. त्यांनी त्याचा जो अर्थ घेतला तोच कायमचा झाला.

“कोणतं द्यायचं हे मी कसं ठरवलं, विचार,” आई माझ्याकडे न बघता म्हणाली. “जी माझ्या दुधावर तगत होती ती ठेवली. जी तगत नव्हती ती दिली. ती मरणार असं धरूनच दिली गं.”

म्हाळसाबाई म्हणाली, “म्या इचारलं व्हतं, नाव काय पोरीचं. ह्यांनी सांगितलं. माज्या तोंडात बसंना. म्हनलं, त्याचा अर्थ तरी सांगा. तर म्हनल्या, हरीण. मंग म्हनलं, आमी हरणीच म्हनू. झालं.”

हरणी तिच्या पाठीआडून बाहेर आली. आम्ही दोघी एकमेकींपुढे उभ्या राहिलो. ती माझ्याहून काळी, राकट, पायांना भेगा. पण तोंड तेच. तिनं हळूच बोट लावून माझा गाल दाबून बघितला आणि झटकन हात मागे घेतला. “मला वाटलं, खिडकीत माजंच भूत बसलंय,” ती म्हणाली. “कालपर्यंत लोक मला बघून पळायचे. कावून ते आता कळलं.”

म्हाळसाबाईनं कमरेवरचे हात खाली सोडले. “पोर तुमची हाय, बाई. न्यायची तर न्या. म्या आडवी येनार न्हाई. माज्या पुरलेल्या लेकराला बगाया आलतो, चौदा वर्सांनी. पुन्यांदा वाट ह्या बाजूला वळली, म्हनून.”

आईनं हात पुढे केला. हरणी एक पाऊल मागे सरली. “म्या काय शेळी हाय का, ह्या दावणीची सोडून त्या दावणीला बांदाया?” ती म्हणाली. आणि मग, आईचा हात तसाच हवेत राहिलेला बघून, तिनं तो धरला. पण जागची हलली नाही.

अण्णा संध्याकाळच्या गाडीनं आले. आईनं त्यांना अंगणातच सगळं सांगितलं, उभ्यानं. गुरुजी बाजेवर मान खाली घालून ऐकत होते. अण्णा म्हणाले, “म्हणजे इतकी वर्षं मी कुणाचं थडगं रंगवत होतो?”

“म्हाळसाच्या मुलाचं.”

“नाव काय होतं त्याचं?”

“बारसंच झालं नव्हतं.”

अण्णा देवळात गेले आणि आतून कडी लावली. आई दाराबाहेर बसून राहिली. मी तिला जेवायला बोलावलं तर ती म्हणाली, “त्यांनी चौदा वर्षं उपास केल्यासारखं दुःख केलंय. मला एक दिवस बसू दे.” त्या क्षणी मला तिचा राग आला होता आणि तिची कीवही. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, तरी दोन्हींतलं काही कमी झालेलं नाही. सकाळी अण्णा बाहेर आले, छिन्नी घेतली आणि तळ्याकडे गेले. म्हाळसाबाईला त्यांनी एवढंच विचारलं, “नाव काय ठेवणार होतीस?” ती म्हणाली, “बिरू.” दगडावरचं जुनं नाव त्यांनी घासून काढलं आणि ‘बिरू’ कोरलं. ख्रिस्ती दफनभूमीत धनगरांच्या बिरोबाच्या नावाचं मूल. वरच्या अधिकाऱ्यांकडून कुणी विचारायला आलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे. पण आमच्याकडे कुणी विचारायला येत नसे.

राहिला प्रश्न पाण्याचा. मेंढरं तहानेनं बसायला लागली होती, आणि विहिरीवर माणसांनाच दोन हंडे. आईनं सोसायटीच्या बायकांना एकत्र बसवलं आणि काहीही न लपवता सांगितलं. कुणीतरी कुजबुजलं. जनाबाई उठून म्हणाल्या, “मानसाला न्हाई आन मेंढरांना कावून द्यायचं?” जनाबाईंनी मग माझ्याकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या हरणीकडे बघितलं, आणि पदरानं तोंड पुसलं. “माज्या दोनातला एक घ्या,” त्या म्हणाल्या. “मला लई पानी लागत न्हाई.” एकेक करून बाकीच्यांनीही तसंच सांगितलं. पाऊसकाळ लागेपर्यंत तो तळ आमच्याकडे राहिला. मशिनींच्या खोलीत हरणी दुपारी येऊन बसायची, कापड हातात घ्यायची, पण मशीनला हात लावायची नाही. आवाजानं तिला धसका बसायचा. अण्णा तिला पाहिलं की उठून उभे राहत, मोठ्या पाहुण्याला बघून राहावं तसे. तिला ‘दुर्कस’ म्हणून त्यांनी एकदाही हाक मारली नाही. पाठीवर हात ठेवून ते म्हणायचे, “बरंय ना, हरणी?” ती म्हणायची, “बरंय की, पाळकबाबा.” याच्या पुढे त्यांचं बोलणं गेलं नाही, पण ते दोघांनाही पुरत असावं.

ती गेली, येत राहिली. कधी वर्षानं, कधी तीन वर्षांनी. आमच्या आईच्या मातीला मात्र वेळेवर पोचली, तीस मैल चालत. तिचं लग्न झालं, एक मुलगा झाला. माझं शिक्षण झालं, मी शिक्षिका झाले, मुदतीआधीच निवृत्ती घेतली. फोन आले तरी तिला ते आवडत नसत. कानाशी धरून ती नुसती हसायची आणि मुलाकडे देऊन टाकायची. मुलगा ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर, बहुतेक काळ कर्नाटकात. त्याची माझी गाठ कधी पडली नव्हती.

गेल्या पावसाळ्यात मी पाटोद्याच्या बसस्टँडवर बीडच्या गाडीची वाट बघत उभी होते. एक मोटारसायकल समोरून गेली, पुढे जाऊन थांबली. पस्तिशीतला माणूस उतरला. डोकं नुकतंच भादरलेलं. तो चार पावलं आला आणि थिजला. त्याच्या हातातली किल्ली खाली पडली, ती त्यानं उचलली नाही.

“आय?” तो म्हणाला.

मला सगळं एकदम समजलं. कधी, असं मी विचारलं. तो म्हणाला, “धा दिस झाले. निजली ती उठलीच न्हाई. तुमचा नंबर सापडंना.” तो माझ्या तोंडावरून नजर काढत नव्हता. “मावशी हाय हे ठावं व्हतं. पन अशी हाय हे ठावं न्हवतं.”

आजूबाजूची माणसं बघायला लागली होती. मी त्याला बाकावर बस म्हटलं, तो बसेना. मग लहान मुलासारखं ओठ दाबत म्हणाला, “मावशी, एकडाव हाक मारता का मला?”

“काय म्हणायची ती तुला?”

“नाव न्हाई घ्यायची. नुसतं ‘आरं’ म्हनायची.”

मी खाली वाकून त्याची किल्ली उचलली आणि त्याच्या हातात दिली.

“आरं,” मी म्हणाले.

तो तिथेच फरशीवर खाली बसला आणि गुडघ्यांत डोकं घातलं. मी पिशवी बाजूला ठेवली आणि त्याच्या शेजारी बसले. बीडची गाडी लागली, कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, गाडी सुटली. आम्ही उठलो नाही.